पाटी राहू द्या, स्वयंपाकघराचं माहेर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्सी सिटीत येऊन वर्ष झालं. दर दोन-तीन आठवड्यांनी तुम्ही दोघं गाड्या बदलत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंगला जाता, कारण 'अस्सल चायनीज खायचं तर तिथेच' असं सगळे सांगतात. मेन्यूत दोनशे पदार्थ असतात. तुम्ही कुंग पाव चिकन, फ्राइड राइस आणि एखादं नूडल मागवता आणि दर ठिकाणी चव तीच लागते. वेटरला 'तुमच्याकडचं खास काय?' विचारलं की तो एकदा तुमच्याकडे बघतो आणि ऑरेंज चिकनवर, म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकांसाठीच्या गोड चिकनवर, बोट ठेवतो. तुम्ही मासे-चिकन खाता, बीफ-पोर्क खात नाही. मे महिन्यात सासूबाई येतायत, त्या पूर्ण शाकाहारी. चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांचं, फारसं कुणाला माहीत नसलेलं जेवण शोधायचं कसं?

आधी माझं सांगते. मी खानसामा नाही. क्वीन्समध्ये रेस्टॉरंटांना किराणा आणि भाजी पुरवणाऱ्या एका घाऊक गोदामात चौदा वर्षं हिशेब सांभाळतेय. त्यामुळे कोणतं हॉटेल काय शिजवतं हे मला त्याच्या पाटीच्या आधी त्याच्या बिलावरून कळतं. तळणीच्या तेलाचे ३५ पौंडी डबे, कॉर्नफ्लोअरची पोती आणि ब्रोकोलीची खोकी जात असतील, तर पाटीवर 'सेचुआन' असो की 'हुनान', आत शिजतं ते अमेरिकन चायनीज. बटाट्याचं पीठ, आंबवलेल्या कोबीच्या पिशव्या आणि रताळ्याच्या शेवया जात असतील, तर मालक काहीही म्हणो, स्वयंपाकी ईशान्य चीनचा आहे.

तुम्हाला बिलं बघायला मिळणार नाहीत, पण विचार त्याच दिशेने करता येतो. माझ्या मते तुमची अडचण हॉटेल शोधण्यात नाही. फ्लशिंगला तुम्ही बहुधा चार-पाच वेगवेगळ्या प्रांतांच्या दारात जाऊन आला आहात. अडचण अशी की प्रत्येक दारात तुम्ही एकच यादी वाचून दाखवलीत. मालवणी खानावळीत शिरून पनीर बटर मसाला मागवला तर तो मिळेलही, कारण गिऱ्हाईक मागतं म्हणून मालकाने तो ठेवलेला असतो. पण त्यावरून मालवणी जेवणाबद्दल काय कळणार? दोनशे पदार्थांचा मेन्यू असाच वाढत गेलेला असतो. जुन्या मालकाचे पदार्थ, जेवणाच्या सुट्टीत येणाऱ्या ऑफिसवाल्यांचे पदार्थ, शेजारच्या हॉटेलात खपतात म्हणून घेतलेले पदार्थ. त्यातले पंधरा-वीसच स्वयंपाक्याच्या हातचे, त्याच्या गावचे. तेवढे ओळखता आले की झालं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, ते आधीच कबूल करते. हे सगळं न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसजवळची सॅन गॅब्रिएल व्हॅली, टोरांटो अशा ठिकाणी चालतं, कारण तिथे गावकरीच गिऱ्हाईक असतात. लहान गावात एकुलतं एक चायनीज हॉटेल असेल तर स्वयंपाक्याला कितीही येत असलं तरी तो ते रोज करणार नाही. स्वयंपाकी बदलतात, आणि तो गेला की पाटी तीच राहून जेवण बदलतं. म्हणून मी हॉटेलांची नावं देत नाहीये. आज दिलेलं नाव सहा महिन्यांनी चुकीचं ठरू शकतं.

माहेर ओळखायची पहिली खूण म्हणजे चिनी पाटी. इंग्रजी नाव 'गोल्डन' अमुक किंवा 'लकी' तमुक असतं, त्यातून काही कळत नाही. त्याच्या वरच्या चिनी अक्षरांत बहुतेक वेळा प्रांताचं किंवा शहराचं नाव सरळ लिहिलेलं असतं. फोनचा कॅमेरा पाटीवर धरून भाषांतर करून घ्या. 'दोंगबेई', 'लानझो', 'वनझो', 'चाओझो' असं काही निघालं की निम्मं काम झालं.

दुसरी खूण टेबलावर असते, आणि मला ती जास्त आवडते. बसल्यावर मेन्यू उघडायच्या आधी बरण्या बघा. सोललेल्या किंवा अख्ख्या लसणाच्या पाकळ्या ठेवल्या असतील तर तुम्ही उत्तरेकडच्या हॉटेलात आहात. तिकडे नूडलसोबत कच्चा लसूण तसाच चावून खातात, आपण पिठलं-भाकरीबरोबर कांदा फोडतो तसा. चिरून आंबवलेल्या लाल मिरचीची बरणी हुनानची. पांढरी मिरपूड आणि व्हिनेगर शेजारी असेल आणि लोक माशांच्या गोळ्यांचं सूप पीत असतील, तर फूझो, म्हणजे आग्नेय किनाऱ्यावरच्या फूजियान प्रांताची राजधानी. आसपासची मंडळी भाताबरोबर जेवतायत की नूडल आणि रोटीबरोबर, हेही बघा. चिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. कोकणात भात आणि घाटावर भाकरी, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तिसरी खूण म्हणजे सरळ विचारणं, पण प्रश्न बदलून. 'खास काय?' या प्रश्नाचं उत्तर तो तुमचा चेहरा बघून देतो. त्याची त्यात चूक नाही, दहा परक्या गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांनी खरा पदार्थ अर्धा टाकून दिलेला असतो. त्याऐवजी विचारा, 'शीफू नाली रन?' म्हणजे 'स्वयंपाकी कुठला?' 'लाओबान' म्हणजे मालकाबद्दल विचारू नका. न्यूयॉर्कमध्ये सेचुआन जेवणाचं हॉटेल फूझोच्या माणसाने चालवणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. उच्चार चुकला तरी चालतो. गावाचं नाव सांगताना माणसाचा आवाज बदलतो, आणि पुढचा प्रश्न आपोआप निघतो: मग त्यांच्या गावचं काय आहे आज? हे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान करा. रविवारी साडेबाराला विचाराल तर उत्तर मिळणार नाही, आणि मिळूही नये.

कोण कधी आलं, यावर न्यूयॉर्कमध्ये काय खायला मिळतं ते ठरलं आहे. सुरुवातीला दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांताचे लोक आले, म्हणून जगभर 'चायनीज' म्हणजे कँटनीज, म्हणजे ग्वांगदोंगचं, असं झालं. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली, आणि पुढे फ्लशिंगमध्ये तैवानची माणसं स्थिरावली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत फूझोच्या आसपासच्या गावांतून माणसं आली, पुष्कळशी कर्ज काढून, बोटींच्या पोटात लपून. जून १९९३ मध्ये 'गोल्डन व्हेंचर' नावाचं जहाज २८६ माणसं घेऊन इथल्याच रॉकअवेच्या किनाऱ्यावर रुतलं आणि दहा जण मेले. त्यातले बहुतेक फूजियान प्रांतातले होते. अमेरिकेतल्या कितीतरी टेकअवेंच्या काउंटरमागे फूझोचं कुटुंब असतं. आपल्याला ते ऑरेंज चिकन विकतात आणि घरी स्वतः वेगळंच जेवतात. नव्वदच्या दशकात ईशान्य चीनचे सरकारी कारखाने बंद पडायला लागले, लाखोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि तिथली माणसंही फ्लशिंगला पोचली.

आता तुम्ही काय खाल ते बघू. सगळे प्रांत सांगत नाही, तुमच्या अटींत बसणारे तेवढेच.

दोंगबेई, म्हणजे ईशान्येचे तीन प्रांत, आधी घ्या, कारण तोच खरा मंचुरिया. आपलं चिकन मंचुरियन नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईत जन्माला घातलं अशी त्याची जन्मकथा सांगतात. ते कोलकात्यात वाढलेले चिनी. मंचुरियाशी त्या पदार्थाचा नावापुरताच संबंध. खऱ्या मंचुरियात हार्बिनचा हिवाळा उणे वीसच्याही खाली जातो, त्यामुळे तिथलं जेवण बटाटा, कोबी आणि आंबवणाचं. 'दी सान शिएन' मागवा: बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून, सोया आणि लसणाच्या रसात परतलेली. बटाटा-वांग्याची भाजी कुणाला परकी वाटेल? सासूबाईंनाही चालेल, फक्त रस कशात केलाय ते विचारायचं, त्याबद्दल पुढे सांगते. मुगाच्या सत्त्वाच्या काचेसारख्या पट्ट्यांची थंड कोशिंबीर मिळते, 'ला पी'. तीही मांस न घालता मागवा. शेवटी 'बा स दीग्वा': तळलेलं रताळं गरम पाकात घोळवून आणतात, तुकडा उचलला की पाकाच्या तारा निघतात, आणि तो शेजारच्या गार पाण्यात बुडवून खायचा. उपासाच्या रताळ्याच्या कीसाला कंटाळलेल्यांनी हे एकदा खावंच. मात्र दोंगबेईच्या हॉटेलात दोघांनी चार पदार्थ मागवू नका. एकेक ताट परातीएवढं येतं.

शिआन, म्हणजे शान्शी प्रांताची राजधानी, फ्लशिंगला ठाऊक झाली ती गोल्डन शॉपिंग मॉलच्या तळघरातून. 'शिआन फेमस फूड्स'ने २००५ मध्ये तिथल्या एका छोट्या गाळ्यात 'लियांगपी' विकायला सुरुवात केली, आता त्यांची दुकानं शहरभर आहेत. लियांगपी कशी करतात ते ऐका. कणीक मळायची, पाण्यात धुवत राहायची, पांढरं पाणी निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि खाली बसलेलं सत्त्व ताटलीत वाफवून त्याच्या पट्ट्या कापायच्या. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हिशेबाची वही मिटून हसत बसले. हा आपला गव्हाचा चीक! आपण गहू भिजवून, वाटून काढतो आणि कुरडया घालतो. ते कणकेतून काढतात, आणि धुऊन उरलेला चिवट गोळाही वाफवून, स्पंजासारखे तुकडे करून वरून घालतात. व्हिनेगर, लसूण, तिखट तेल. पदार्थ थंड असतो, आणि सहसा पूर्ण शाकाहारी.

चिकन खाणाऱ्यांसाठी शिनजियांगचं 'दा पान जी', शब्दशः 'मोठ्या ताटातलं चिकन'. हाडांसकट चिकन, बटाटे, सुक्या मिरच्या, चक्रीफूल, आणि अंगाबरोबर रस्सा. निम्मं संपलं की त्याच रश्श्यात पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स आणून टाकतात. आपल्या माणसाला चीनचा पहिला धडा द्यायचा असेल तर मी हाच देते, आजवर कुणी नाक मुरडलेलं नाही. शिनजियांग आणि लानझोची ही हॉटेलं मुस्लिम मालकांची असतील तर पोर्कची भीती नाही. पण लानझोच्या नूडल्सचं पाणीच बीफचं असतं. तुकडे काढून टाकून भागत नाही. ते सोडाच.

मासे खाणाऱ्यांनी चाओझो शोधावं, इंग्रजीत त्याला 'टिओच्यू' लिहितात. ग्वांगदोंगच्या पूर्व टोकाचा हा किनारा. तिथे पापलेट वाफवतात: खारवलेली मोहरीची पानं, टोमॅटो, खारवलेला आंबट आलुबुखार, आलं. मसाला जवळजवळ नाहीच. पापलेटाचं इतकं हलकं काहीतरी होऊ शकतं हे वसईत वाढलेल्या मला पचायला वेळ लागला. आता मी घरीही तसं करते आणि आईला सांगत नाही.

सेचुआन तुम्ही खाल्लं असं तुम्हाला वाटतंय. बहुधा नाही. आपल्याकडची 'शेजवान' चटणी म्हणजे लसूण आणि लाल मिरची, तिच्यात सेचुआनची ओळख असलेला हुआजियाओ सहसा नसतोच. हा मसाला ओळखायचा असेल तर कोकणातलं तिरफळ आठवा, बांगड्याच्या तिखल्यात घालतो ते. हुआजियाओ त्याचाच चुलतभाऊ, जीभ तशीच झिणझिणवतो. मग मेन्यूत 'यू-शियांग' वांगं शोधा. भाषांतर 'माशाच्या वासाचं वांगं' असं येईल, पण त्यात मासा नसतो. माशाला लावतात ते वाटण असतं, लोणच्याची मिरची, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर. मात्र त्यात खिमा असू शकतो.

ग्वीझोचं हॉटेल सापडलं तर नशीबवान आहात. तिथले लोक म्हणतात, तीन दिवस आंबट नाही खाल्लं तर चालताना पाय लटपटतात. आंबवलेल्या टोमॅटोच्या लाल कढणात शिजवलेला मासा, 'स्वानतांग यू', हा तुमच्यासाठीच आहे. चीनमध्ये मिरची खाण्यात घातल्याच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक १७२१ सालची आणि याच प्रांतातली आहे: मीठ मिळत नव्हतं म्हणून डोंगरातली माणसं मिरची वापरत. एक इशारा. कोशिंबिरीत पांढऱ्या मुळ्यांचे तुकडे दिसले तर ते 'झअरगन' असू शकतं, त्याला कच्च्या माशाचा वास येतो. मी ते मोड आलेले मूग समजून घासभर तोंडात घातलं होतं.

आता शाकाहाराचं. इथे सगळ्यात जास्त गफलत होते, आणि ती लबाडीने नव्हे, समजुतीच्या फरकाने. 'मांस नको' म्हटलं की स्वयंपाकी मांसाचे तुकडे काढतो. चमचाभर खिमा, सुकी कोळंबी, ऑयस्टर सॉस, हाडांचं पाणी, डुकराची चरबी हे त्याच्या लेखी मसाल्यात मोडतं. मापो तोफूत खिमा असतो, सुक्या परतलेल्या फरसबीतही असतो. म्हणून नुसतं 'वो ची सू', म्हणजे 'मी शाकाहारी', एवढ्यावर थांबू नका. फोनवर चिनीत यादी लिहून ठेवा: खिमा नको, हाडांचं पाणी नको, ऑयस्टर सॉस नको, सुकी कोळंबी नको, चरबी नको. ती ऑर्डर देण्याआधी दाखवा. बौद्ध शाकाहारी हॉटेल असेल तर काळजीच नाही. तिथे कांदा-लसूणही नसतो, अंड्याचं मात्र विचारून घ्या. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण सोडत असतील तर हा पत्ता लक्षात ठेवा.

फूझोचं जेवण तुम्हाला सांगताना मी जरा कचरते, त्याला कारण आहे. आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला मोठ्या ऐटीत फूझोच्या एका खानावळीत नेलं. ती मासे खाते, पोर्क नाही. मी माशांच्या गोळ्यांचं सूप मागवलं, मासाच तर आहे म्हणून. फूझोच्या गोळ्याच्या पोटात डुकराचा खिमा भरतात, ही त्या गोळ्याची ख्यातीच आहे. गोदामात रोज त्यांची खोकी मोजणाऱ्या मला हे ठाऊक होतं आणि तरी त्या क्षणी सुचलं नाही. आईने गोळा चावला, आत बघितलं, वाटी बाजूला सारली आणि चहा मागितला. घरी येईपर्यंत बोलली नाही. तिथलीच 'रौयान' नावाची पुरचुंडी मागवू नका: तिचं पातळ आवरण मैद्याचं दिसतं, पण ते डुकराचं मांस कुटून, पिठात लाटून केलेलं असतं. दाण्याच्या कुटाच्या चटणीतल्या साध्या नूडल्स, 'बानमिएन', तेवढ्या खा. मॅनहॅटनमध्ये ईस्ट ब्रॉडवेला मिळतात, स्वस्त आहेत, आणि दाण्याच्या कुटाशी आपलं नातं जुनंच आहे.

मे महिन्यासाठी माझं ऐकाल तर असं करा. त्याआधी तुम्ही दोघं एकदा कामाच्या दिवशी दुपारी जाऊन या, एकाच हॉटेलात बसा, दोनच पदार्थ मागवा आणि शीफूचं गाव विचारून या. पदार्थ ठरवताना आजूबाजूच्या तीन टेबलांवर सारखं काय आहे ते बघा आणि तेच बोटाने दाखवा. त्याच हॉटेलात पंधरा दिवसांनी परत जा. दुसऱ्या खेपेला वेटर ऑरेंज चिकन सुचवत नाही, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. सासूबाई आल्यावर त्यांना घेऊन तिसऱ्यांदा जाल तेव्हा ती यादी दाखवायची गरजही कदाचित पडणार नाही.

आणि त्यांना लियांगपी नक्की खिलवा. आधी काही सांगू नका. पहिल्या घासाला त्यांना चीक आठवतो का, ते मात्र मला कळवा.